हे रक्तात उतरतं का हो?

‘मॅडम, हे रक्तात उतरतं का हो?’ खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बायकोला सातवा महिना. आजोबा तुरुंगात फाशी द्यायचे, हे वडील गेल्यावर ट्रंकेत सापडलेल्या वहीवरून कळलेलं. तोवर घरात एवढंच माहीत, की आजोबा ‘सरकारी नोकरीत’ होते.

वही त्यांनी सोबत आणली होती. नाव एकही नाही. वजन, उंची, दोराची लांबी. ‘माणसांचा असा हिशेब?’

वजन कमी, तर दोर लांब. आखूड पडला तर माणूस बराच वेळ गुदमरतो, फार लांब झाला तर मुंडकं तुटू शकतं. ब्रिटनमध्ये १८८८ साली एका समितीने याचं कोष्टकच सुचवलं होतं. आकडा चुकू नये म्हणून लिहून ठेवणारा माणूस निर्दय असेलच, असं मला वाटत नाही. (फाशी असावी का, हा वाद निराळा. मी विरोधातच आहे.)

खरं दुखणं दुसऱ्या भेटीत निघालं. लहानपणी आजोबा त्यांना उचलून घ्यायचे आणि अचूक वजन सांगायचे. ‘सतरा किलो!’ घरभर हशा. ‘आता ते आठवलं की काटा येतो. मलाही तसंच मोजायचे का ते?’

मी गप्प राहिले. इथे पटकन धीर देणं म्हणजे थाप मारणं.

रक्ताचं मात्र सांगितलं. हे काम घराण्यांत चालायचं, कारण त्या घरांना दुसरं काही करू देत नसत. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा जल्लाद फ्रान्झ श्मिट याच्या बापाला होफ गावच्या संस्थानिकाने भर गर्दीतून ओढून फाशी द्यायला लावलं आणि कुटुंब वाळीत पडलं. मुलाने चाळीसेक वर्षं तेच केलं, जोडीला लोकांची हाडं बसवली, औषधं दिली. निवृत्तीनंतर, १६२४ साली, सम्राटाकडून कुळाचा कलंक पुसून घेतला. पॅरिसच्या सान्सों घराण्याच्या सहा पिढ्या यात गेल्या. शेवटच्याने १८४७ साली गिलोटिनच, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्रच, गहाण टाकलं. यावर गृहस्थ पहिल्यांदा हसले.

‘बायकोला सांगा,’ म्हटलं. ‘वहीसकट.’ त्यांनी सांगितलं, पण तीन आठवडे लावले.

पुढे फोन आला. ‘मुलगी झाली. काट्यावर ठेवायच्या आधी हातात घेतली आणि म्हणालो, तीन किलो. दोनशे ग्रॅमनं चुकलो.’