किरमिजी रंगाची बाटली आणि सासूबाईंची शंका

प्रश्न : माझ्या मुलीने फ्लॉरेन्सहून ‘आल्केर्मेस’ नावाच्या लालभडक मद्याची बाटली आणली आहे. हे औषधी असते, असे तिला दुकानात सांगण्यात आले. द्राक्षासवाप्रमाणे ते रोज चमचाभर घेतले तर चालेल का, असे माझ्या सासूबाई विचारतात. त्या कडक शाकाहारी आहेत. या पेयाचा नेमका उपयोग काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंनी ते घेऊ नये, आणि त्याचे पहिले कारण बाटलीच्या रंगातच आहे. ‘आल्केर्मेस’ हे नाव ज्या ‘किर्मिझ’ या अरबी शब्दावरून आले, त्याच शब्दाचे नाते आपल्या ‘किरमिजी’शी आहे, आणि अभ्यासक तो पुढे संस्कृत ‘कृमिज’पर्यंत नेऊन पोहोचवतात. भूमध्य सागराच्या काठच्या एका जातीच्या ओक वृक्षावर राहणारे कीटक वाळवून हा रंग काढीत असत; पुढे त्यांची जागा अमेरिकेतून आलेल्या, निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील या कीटकाने घेतली. म्हणून बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. तेथे ‘ई १२०’ असे लिहिलेले असेल, तर रंग कीटकांचाच आहे. स्वस्त बाटल्यांत बहुधा कृत्रिम रंग असतो.

औषधाची ख्याती मात्र अगदीच निराधार नाही. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला मठाच्या औषधालयात हे मद्य बनत असे आणि एके काळी ते शक्तिवर्धक म्हणून दिले जाई. तरीही द्राक्षासवाशी त्याची तुलना योग्य नाही. आसवात मद्यार्क आंबवण्याच्या क्रियेतून आपोआप तयार होतो. येथे दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ यांसारखे मसाले तयार मद्यार्कात मुरवून त्यात साखर व गुलाबपाणी घालतात. मद्यार्काचे प्रमाण साधारण २१ ते ३२ टक्के, म्हणजे आसवापेक्षा बरेच जास्त असते.

इटलीत आज हे मद्य पेल्यापेक्षा स्वयंपाकघरातच अधिक दिसते. ‘त्सुप्पा इंग्लेझे’ या पदार्थात (नावाचा अर्थ ‘इंग्रजी सूप’ असला तरी त्यात सूप औषधालाही नाही) केकच्या कापट्या त्यात भिजवून कस्टर्डच्या थरांमध्ये रचतात. आपल्याला करायचे असल्यास बेकरीतून साधा स्पंज केक आणून एक दिवस शिळा होऊ द्यावा, मद्यात तेवढेच पाणी मिसळावे आणि बोटभर जाडीची कापटी त्यात बुडवून लगेच उचलावी. क्षणभर जास्त राहिली तर ती हातातच तुटते. हे थर पुन्हा शिजत नसल्यामुळे मद्यार्क तसाच राहतो, त्यामुळे मुलांना हा पदार्थ देऊ नये.

सासूबाईंसाठी केक भिजवायला मद्याऐवजी वेगळा पाक करावा. एक वाटी पाण्यात अर्धी वाटी साखर, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा व तीन वेलदोडे पाच मिनिटे उकळावेत. कोल्हापुरात उत्तम गूळ हाताशी असला तरी येथे साखरच घ्यावी, कारण गुळाने पाक तपकिरी दिसतो. गॅस बंद केल्यावर बीटच्या दोन-तीन चकत्या घालून झाकून ठेवावे. उकळत्या पाकात बीट टाकले तर रंग फिका पडतो. पाक गार झाल्यावर तो गाळून त्यात चमचाभर गुलाबपाणी घालावे. सासूबाई अंडेही खात नसतील, तर त्यांच्या वाटीसाठी केक बिनअंड्याचा आणि कस्टर्ड पावडरचे घ्यावे.