वाचकांचे प्रश्न : ग्वाटेमाला

माया लोक नवव्या शतकात अचानक नाहीसे झाले, हे खरं का? (एक वाचक, सांगली)

नाही. ओस पडली ती उत्तर ग्वाटेमालातल्या पेतेनच्या जंगलातली मोठी शहरं, माणसं नव्हे. त्यांपैकी तिकाल शहरातला तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ.स. ८६९चा. पण त्याच पेतेनमधलं नोहपेतेन हे इत्झा मायांचं शहर स्पॅनिशांना १६९७पर्यंत जिंकता आलं नव्हतं. आज तिथे फ्लोरेस वसलं आहे. २०१८च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४२ टक्के लोकांनी स्वतःची नोंद माया अशी केली. किचे, केक्ची, काकचिकेल, माम अशा वीसहून जास्त माया भाषा तिथे आजही बोलल्या जातात. त्यामुळे माया लोकांबद्दल लिहिताना सरसकट भूतकाळ वापरू नये.

तिथे पोळीसाठी मका चुन्यात शिजवतात म्हणे. घरी करायचं तर प्रमाण काय? पानाचा चुना चालतो का? (एक वाचक, जळगाव)

चालतो, पण साधा हवा. सुगंध किंवा कात मिसळलेला नको. भिंतीला द्यायचा चुना अजिबात नको. चुनकळीही नको, ती पाण्यात पडताच उकळते आणि भाजते.

१ किलो वाळलेल्या मक्याला ३ लिटर पाणी आणि खायच्या चुन्याची कोरडी पूड १० ग्रॅम. ओला चुना असेल तर २० ते २५ ग्रॅम. मका पांढरा किंवा पिवळा कुठलाही घ्या, स्वीट कॉर्न मात्र नाही. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमला चुना खातो.

चुना आधी पाण्यात विरघळवून घ्या आणि मग दाणे घाला. उकळी आली की आच मंद करून ३० ते ४० मिनिटं शिजवा. पिवळा मका लगेच गडद होतो, घाबरू नका. दाणा बोटांत चोळल्यावर साल निसटलं पाहिजे, पण दाणा तोडला तर मधोमध पांढरा, कच्चा ठिपका दिसला पाहिजे. तिथेच गॅस बंद करा आणि झाकून रात्रभर ठेवा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: ठिपका जाईपर्यंत शिजवलं, तर दळल्यावर पीठ चिकट होतं आणि पोळी हातालाच बसते.

सकाळी पाणी फेकून दाणे दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा. कमी धुतले तर कडवट, साबणासारखी चव राहते. सगळं साल घासून काढलं तर पीठ बांधून येत नाही. थोडं राहू द्या. मिक्सरला पाणी चमचाचमचाने घाला, नाहीतर घावनाचं पीठ होईल. पाटा-वरवंटा असेल तर उत्तम. पीठ अर्धा तास झाकून ठेवा, मग गोळा दाबून बघा: कडा फाटल्या तर पाण्याचा हात लावा.

हा खटाटोप चवीपुरता नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं. ते चुन्यामुळे मोकळं होतं आणि कॅल्शियमही मिळतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही. स्पेन आणि इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणारा आजार, झाला.

ग्वाटेमालाची राजधानी इतक्यांदा का हलली? (एक वाचक, पुणे)

पहिली, स्पॅनिशांनी १५२४मध्ये वसवलेली, काकचिकेल मायांच्या इशिमचे इथे होती. ती त्यांच्या उठावामुळे सुटली. दुसरी आग्वा ज्वालामुखीच्या पायथ्याशी. सप्टेंबर १५४१मध्ये कित्येक दिवसांच्या पावसानंतर डोंगरावरून दगडमातीचा लोंढा आला आणि शहर गाडलं गेलं. विवरातलं तळं फुटल्याची गोष्ट अजूनही सांगतात. भूवैज्ञानिक मात्र पावसाने सुटलेल्या मातीकडे बोट दाखवतात. तिसरी राजधानी जवळच्याच पांचोय खोऱ्यात, म्हणजे आजचं अँटिग्वा. २९ जुलै १७७३च्या भूकंपाने तीही मोडली आणि १७७६मध्ये सरकार आजच्या ग्वाटेमाला सिटीत आलं.

पण तेवढ्याने सुटका नव्हती. देशाच्या मधून मोटाग्वा भ्रंश, म्हणजे भूकवचातली भेग, जाते, तिथे उत्तर अमेरिकन आणि कॅरिबियन भूपट्ट (भूकवचाचे मोठे तुकडे) एकमेकांना घासतात. पॅसिफिकच्या बाजूने कोकोस भूपट्ट खाली घुसतो. ४ फेब्रुवारी १९७६ला पहाटे तीनच्या सुमारास मोटाग्वा सरकला, तीव्रता ७.५. सुमारे २३,००० माणसं गेली. कच्च्या विटांच्या भिंतींवर जड कौलं असलेल्या घरांत लोक झोपेत होते. भिंती आडव्या धक्क्याने फुटल्या आणि छपरं अंगावर आली.