सिंगापूरची कंपनी आणि तिथला डायरेक्टर

प्रश्न : छपाईयंत्रांच्या सुट्या भागांचा माझा धंदा आहे. गिऱ्हाइकं इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधली, म्हणून सिंगापूरमध्ये कंपनी काढायचं चाललं आहे. एजंट म्हणतो, ‘मालकी शंभर टक्के तुमचीच. फक्त तिथला एक डायरेक्टर लागतो, तो मी देतो. तारीख न टाकलेला त्याचा राजीनामा आधीच घेऊन ठेवू, म्हणजे हवं तेव्हा त्याला काढता येईल.’ अनोळखी माणसाला डायरेक्टर करणं जिवावर येतंय. उद्या त्याने कंपनीच गिळली तर? आणि कंपनी निघाली की मला तिथे राहता येईल ना?

उत्तर : कंपनी गिळायला शेअर लागतात, आणि ते तुमच्याच नावावर राहणार. बँकेतल्या सहीचा अधिकारही स्वतःकडे ठेवा, म्हणजे ती भीती बरीचशी मिटली. माझी काळजी वेगळी आहे, ती त्या राजीनाम्याची.

अशा परदेशी मालकांच्या कंपन्यांची सेक्रेटरी, म्हणजे कंपनीचे कायदेशीर कागद सांभाळणारी, म्हणून मी बरीच वर्षं काम केलं आहे. तारखेची जागा कोरी ठेवलेले हे राजीनामे फायलीत फार ऐटीत लावलेले असतात. पण सिंगापूरच्या कंपनी कायद्याचं कलम 145 सांगतं की, किमान एक डायरेक्टर तिथला रहिवासी हवाच, आणि तो एकटाच रहिवासी असेल तर दुसरा नेमल्याशिवाय त्याला पायउतार होता येत नाही. तसा राजीनामा दिला तरी तो ग्राह्य धरला जात नाही. म्हणजे बदली माणूस तयार नसेल तर तुमच्या हातात नुसतं चिठोरं. एजंटला हे ठाऊक नसेल तर एजंट बदला. ठाऊक असून सांगत असेल तर जरा जास्तच घाईने बदला.

आता त्या डायरेक्टरच्या बाजूने बघा. तो ‘नॉमिनी’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने नावापुरता बसलेला, आहे म्हणून कायदा त्याला सूट देत नाही. वार्षिक विवरण चुकलं, कराचा फॉर्म राहिला, तर नोटीस त्यालाही येते. म्हणून शहाणा नॉमिनी तुमच्याकडे अनामत मागेल, नुकसानभरपाईची हमी लिहून घेईल आणि दर काही महिन्यांनी बँकेचं स्टेटमेंट मागून डोकं खाईल. असाच घ्या! काही न विचारता सह्या ठोकणारा स्वस्त मिळतो, पण तो डझनावारी कंपन्यांवर बसलेला असतो आणि बँकेला ते दिसतं. 9 जून 2025 पासून तर धंदा म्हणून नॉमिनी व्हायचं असेल तर नेमणूक कंपन्यांची अशी कामं करणाऱ्या नोंदणीकृत सेवासंस्थेनेच जुळवावी लागते, तो माणूस लायक आहे याची खात्री त्या संस्थेने करायची, आणि तो कोणाच्या वतीने बसला आहे हे ‘अ‍ॅक्रा’ला, म्हणजे तिथल्या कंपनी निबंधकांना, कळवायचं.

नोंदणीत फारसं काही नाही. भांडवल एक सिंगापुरी डॉलर असलं तरी चालतं, नावासाठी 15 आणि नोंदणीसाठी 300 डॉलर फी. स्थानिक पत्ता लागतो, सेक्रेटरी सहा महिन्यांच्या आत. खरी परीक्षा बँकेत. समोरचा विचारणार, ‘माल एका देशातून निघतो, दुसऱ्या देशात उतरतो, मग पैसे इथे का?’ ‘कर कमी आहे’ एवढंच उत्तर असेल तर खात्याचं विसरा. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, पुरवठादाराची कोटेशनं, भांडवल कुठून आलं त्याचे कागद बरोबर न्या. आणि पैसा ज्या देशातून निघणार, तिथले परकीय चलनाचे नियम कंपनी काढण्याआधी तपासा, नंतर नको.

करावर एक गोष्ट एजंट सहसा गाळतात. दर 17 टक्के. नव्या कंपनीला पहिली तीन कर-निर्धारण वर्षं सवलत असते : करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या एक लाख डॉलरवर 75 टक्के सूट, पुढच्या एक लाखावर 50 टक्के. पण ती घ्यायला कंपनी करासाठी सिंगापूरची रहिवासी ठरावी लागते, आणि ते ठरतं मोठे निर्णय कुठे बसून घेतले जातात त्यावर. तुम्ही घरी बसून सगळं ठरवणार आणि नॉमिनी नुसता मान डोलावणार असेल तर कर खातं हे मान्य करेलच असं नाही. उलट तुमचा स्वतःचा देशही त्या कंपनीवर कराचा हक्क सांगू शकतो. संचालकांच्या बैठका खरोखर तिथे घ्या, इतिवृत्त ठेवा.

राहण्याचं म्हणाल तर शेअर घेतले म्हणून व्हिसा मिळत नाही. तुमच्याच कंपनीने तुमच्यासाठी एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहून नोकरी करण्याचा परवाना, मागायचा. 2025 पासून त्यासाठी किमान पगार महिना 5,600 डॉलर, वयाप्रमाणे तो वाढतो, शिवाय गुणांची कसोटी. धंदा उभा राहिल्यावर अर्ज करा. पास मिळाला आणि तिथे घर केलंत की रहिवासी डायरेक्टर तुम्हीच होऊ शकता. नॉमिनीला मोकळं करण्याचा तोच रस्ता. करार करताना, तेव्हा तो अनामत किती दिवसांत परत करणार, एवढी ओळ घालून घ्या.