वाचक विचारतात : लातूरच्या पोरीला आईस हॉकी खेळायचीय

प्रश्न : सर नमस्कार. माझी मुलगी १२ वर्षांची आहे, सातवीत. सहाव्या वर्षापासून स्केटिंग करते, दोन वर्षं झाली इनलाईन हॉकी (एका रांगेत चाकं असलेले स्केट घालून खेळतात ती) पण खेळतेय. २०२५ ला आपल्या पोरींनी आशिया कपला ब्राँझ आणलं तेव्हापासून एकच धोशा, मला बर्फावर खेळायचंय. सासरे म्हणतात लातूरात राहून नीटचा फाउंडेशन क्लास सोडून हे काय खूळ. त्यात एकाने थेट नॅशनल कॅम्पला घालतो म्हणून ४० हजार मागितलेत. द्यावे का? आणि इथं बर्फच नाही तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर : ताई, पहिलं पैशाचं. देऊ नका. काही वर्षांपूर्वी माझ्याच क्लबातल्या तीन लेकरांच्या घरच्यांनी असेच पैसे भरले होते, मी नको म्हणायला पाहिजे होतं, म्हणलो नाही. लेकरं दोन दिवस बर्फावर उभी राहिली अन् सर्टिफिकेट घेऊन परत आली. त्यातल्या एकाच्या वडिलांनी म्हैस विकली होती, ते मला अजून विसरता येत नाही. आपल्याकडं हा खेळ आईस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया बघते, १९८९ पासून ती आंतरराष्ट्रीय महासंघाची मेंबर आहे. कुणी कॅम्पचं नाव घेतलं की त्यांचं किंवा राज्य संघटनेचं लेखी पत्र मागा, पत्र नसेल तर विषय संपला.

आता बर्फाचं. ब्राँझ आणणाऱ्या त्या पोरी बहुतेक लडाखच्या, गोठलेल्या तळ्यावर शिकलेल्या. लेहला जानेवारी-फेब्रुवारीत नैसर्गिक बर्फ मिळतो, शिमल्याचं रिंक तर १९२० पासूनचं, पण तेही थंडीपुरतंच. देहरादूनला हिमाद्री नावाचं पूर्ण मापाचं बंदिस्त रिंक आहे, २०११ ला बांधलं, मग कित्येक वर्षं बंद पडून होतं, २०२५ ला परत सुरू झालं, त्याच ऑगस्टमधे तिथं शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई स्पर्धा झाली. म्हणजे वर्षातून एकदा दोन-तीन आठवडे, एवढंच आपल्या हातात आहे, आणि सातवीतल्या पोरीला सुरुवातीला तेवढं पुरतं.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगून ठेवतो म्हणजे ती रडणार नाही. आपली लेकरं बर्फावर पळतात लगेच, थांबता येत नाही. चाकांवर पाय एकदम आडवा टाकला तर चाकं जमीन धरतात आणि पोरगं तोंडावर आपटतं, म्हणून आपण पाय कधी आडवा टाकतच नाही, तेच अंगात मुरलेलं असतं. बर्फावर उलटं. ब्लेड जेमतेम तीन मिलीमीटर जाड, खालून मधोमध लांब खाच, त्यामुळं दोन्ही बाजूला दोन धारा. गुडघे वाकवून दोन्ही पाय आडवे टाकले की धार बर्फ खरवडते, पांढरा भुगा उडतो आणि माणूस जागेवर उभा. हे जमायला माझ्या पोरांना चार-पाच दिवस लागले, पहिले दोन दिवस सगळी कठड्यावर जाऊन थडकायची.

तोवर लातूरात गुडघे वाकवून खेळायची सवय, एका पायावर तोल, आणि क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) दोन्ही बाजूंनी, कारण आपली पोरं डावीकडंच वळतात, ट्रॅकची सवय. घरात गुळगुळीत फरशीवर शॉट मारू द्या. खरा पक, म्हणजे आईस हॉकीत चेंडूऐवजी असते ती चकती, रबराचा, दीडशे ग्रॅमच्या वर भरतो. कॅनडाचा नामी खेळाडू सिडनी क्रॉसबी लहानपणी तळघरात कपडे वाळवायच्या मशीनवर पक मारायचा, ते मशीन पार चेपलं होतं.

मार लागण्याची भीती तुम्ही लिहिली नाही पण असणारच. अमेरिकेत २०११ पासून १२ वर्षांपर्यंतच्या गटात बॉडी चेकिंग, म्हणजे अंगानं धडक देऊन अडवणं, बंद आहे. हेल्मेट, जाळी, नेक गार्ड मात्र चांगलंच घ्या, सेकंडहँड हेल्मेट नको.

आणि सासऱ्यांशी भांडू नका. त्यांना अर्शदीप बैन्सचं सांगा. कॅनडातल्या सरेचा पंजाबी पोरगा, ज्या वयात तिकडं एनएचएलच्या (अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी आईस हॉकी लीग) टीम पोरं निवडतात त्या वयात ह्याला कुणीच घेतलं नाही. तो रेड डियरच्या ज्युनियर टीममधेच खेळत राहिला, २०२१-२२ ला शेवटच्या सीझनला ११२ पॉईंट (स्वतःचे गोल अधिक दुसऱ्याला करून दिलेले) करून ज्युनियर पोरांच्या अख्ख्या वेस्टर्न लीगमधे पहिला आला, आणि २०२४ ला व्हँकुव्हरकडून एनएचएल खेळला. बाराव्या वर्षी काहीच ठरत नसतं, ना हॉकीचं ना नीटचं. क्लास लावा, सकाळचं स्केटिंग बंद करू नका.

प्रश्न : मी परभणीचा, वय १६, स्केट कधी घातलेच नाहीत. लेट झालं का?

उत्तर : भावा, एनएचएलसाठी हो, झालं. खोटं कशाला सांगू, भारताच्या टीममधली बरीच पोरं लष्कर किंवा आयटीबीपीकडून खेळणारी आहेत आणि ती चालायला लागल्यापासून बर्फावर आहेत. पण खेळायला उशीर झालेला नाही. जवळ कुठं स्केटिंग रिंक असेल तिथं इनलाईनवर सुरुवात कर, गोलकीपर व्हायची तयारी असेल तर कोणतीही टीम उड्या मारत घेईल, ती जागा कायम रिकामीच असते. आणि सकाळी सहालाच जा, आपल्याकडं एप्रिलमधे नऊनंतर रिंकच्या सिमेंटवर हात टेकवत नाही.