डिझेल पिकअपला वेगळा कूलंट हीटर बसवावा का?

परभणीहून पहाटे भाजीपाला घेऊन निघणारा आपला पिकअप थंडीत लवकर सुरू होत नाही, म्हणून डिझेलवर चालणारा कूलंट हीटर (इंजिनात फिरणारे द्रव, म्हणजे कूलंट, इंजिन सुरू करण्याआधीच तापवणारे यंत्र) बसवावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी आतली हवा तापवणारा भाग) आणि बॅटरी तपासून घ्यावी, कारण परभणीचा पारा कधी ५-६ अंशांपर्यंत उतरला, तरी सुस्थितीतील इंजिन एवढ्या थंडीला अडत नाही. हा हीटर मुळात लडाखसारख्या प्रदेशासाठी आहे.

तरीही बसवायचाच असेल, तर इंजिनाकडून केबिन हीटरकडे जाणारा रबरी पाइप कापून त्यात तो जोडतात. त्याचा पंप कूलंटच्या पातळीच्या खालीच असावा, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ फ्यूज असावा आणि धुराड्याचे तोंड केबिनखाली न ठेवता बाहेर काढावे. बंद शेडमध्ये तो कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बहुतेक जण चुकतात ते हवा काढताना. पाइप कापल्यावर आत शिरलेली हवा पूर्ण निघाली नाही, तर हीटर जागच्या जागी तापून काही मिनिटांतच आपोआप बंद पडतो आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. अशा वेळी हीटरच्या दोन्ही पाइपांना जपून हात लावून पाहावा: एक चटका देणारा आणि दुसरा गारच असेल, तर हवा अजून अडकलेली आहे.