जुन्या फ्रेंच पोर्सेलीनच्या ताटल्या अस्सल कशा ओळखायच्या आणि भिंतीवर कशा लावायच्या?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांसाठी फ्रान्सला आलात, जुन्या बाजारांतून पोर्सेलीनच्या ताटल्या जमवून हॉलची भिंत सजवायची आहे, आणि ही पुढे चांगली गुंतवणूक ठरेल का. भिंतीचं आधी सांगते. लावू नका. जेवा त्यात.

मी आंगुलेमजवळ राहते, पोर्सेलीनच्या कारखान्यांचं गाव असलेल्या लिमोजपासून शंभरेक किलोमीटरवर. २०१४च्या मे महिन्यात शेजारच्या गावात व्हिद-ग्रेनिए होतं, म्हणजे लोक माळा रिकामा करून रस्त्यावर टेबलं मांडतात तो बाजार. एक आजीबाई पेपरात गुंडाळलेल्या ताटल्या सोडत बसल्या होत्या. बारा मोठ्या, बारा खोलगट, अकरा लहान. फिकट गुलाबी रानगुलाब, काठाला सोन्याची केसाएवढी रेघ. लग्नकार्यालाच निघायच्या म्हणे, आणि धुवायच्या त्या स्वतःच, सुनेला हात लावू देत नसत. शेजारी उभ्या मुलाला मात्र घाई होती, कारण डिशवॉशरमध्ये न चालणारी भांडी घरात ठेवून करायचं काय? साठ युरोत सगळं माझं झालं. गुंतवणुकीचं उत्तर यातच आलं.

ताटली उलटी केली तर दोन शिक्के. झिलईच्या खाली हिरवा, ‘एच अँड को, एल, फ्रान्स’. झिलईच्या वर लाल, ‘हॅविलँड अँड को, लिमोज’. हिरवा पांढरी ताटली बनवणाऱ्याचा, लाल ती रंगवणाऱ्याचा. डेव्हिड हॅविलँड हा न्यू यॉर्कचा व्यापारी १८४२ साली लिमोजला आला आणि त्याच्या घराण्याने हा माल अमेरिकेत भरभरून विकला. अमेरिकेने १८९०च्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून ‘फ्रान्स’ हा शब्द दिसला की माल साधारण त्या सुमाराचा किंवा नंतरचा. माझा हिरवा शिक्का १८८८ ते १८९६ मधला. नुसता हिरवा असेल तर नकली म्हणून टाकून देऊ नका. कोऱ्या ताटल्या अमेरिकेत जायच्या आणि तिथल्या बायका हौसेने घरी रंगवायच्या. उलट नुसतं ‘लिमोज’ वाचून हुरळून जाऊ नका, अमेरिकेत ओहायोमध्ये ‘लिमोज चायना’ नावाची कंपनीच होती. आणि गुंतलेले दोन एल, म्हणजे सेव्हरच्या राजेशाही कारखान्याचा शिक्का, फुटपाथवर दिसला तर नकलीच समजा. त्याच्या नकला एकोणिसाव्या शतकापासून चालू आहेत.

ताटली दिव्यासमोर धरा, मागच्या बोटांची सावली दिसली पाहिजे. नखाने टिचकी मारली की घंटेसारखा नाद हवा. आपल्याकडची खास परीक्षा मात्र हळदीची. सारगमिन, जियँ या कारखान्यांच्या जुन्या ताटल्या सुंदर असतात, पण ते पोर्सेलीन नव्हे, फायान्स, म्हणजे झिलई दिलेली साधी, सच्छिद्र माती. झिलईला बारीक तडे गेलेले असले की वरणाची हळद त्यात शिरते आणि पिवळं जाळं कायमचं राहतं. माझ्या दोन गेल्या. हॅविलँडवर पिठलं रात्रभर वाळलं तरी सकाळी पांढरीशुभ्र.

पिठल्यावरूनच सगळं झालं. २०१६ मध्ये माझी नणंद आली. ताटात पिठलं-भाकरी बघून म्हणाली, ‘अगं, सव्वाशे वर्षांच्या वस्तूत पिठलं? ह्या काय खायच्या ताटल्या आहेत?’ मग कशाच्या आहेत? जाताना नवऱ्याने कौतुकाने सहा मोठ्या ताटल्या तिला दिल्या. मला न विचारता, हे इथे नोंदवून ठेवते. पुण्यात सोफ्याच्या वर तिने त्या स्प्रिंगच्या तारेच्या हँगरवर लावल्या. पाहुणे आले की ‘आमचं फ्रेंच कलेक्शन’. तीन महिन्यांनी रात्री एक खाली आली, तीन तुकडे. फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘तुझी ताटली गेली गं’. टांगलेली होती तोवर आमचं, फुटली तेव्हा तुझी!

ती अजून म्हणते, नाजूक होती म्हणून फुटली. साफ खोटं. ही माती सुमारे १४०० अंशांवर भाजलेली असते. इथे उरलेल्या सहांत आम्ही रोज जेवतो, एकीचाही टवका उडालेला नाही. हँगर एक माप लहान होता, स्प्रिंग दिवसरात्र काठ ओढत होती. मी फोटो मोठा करून बघितला, तडा बरोबर हँगरच्या आकड्याच्या जागेवरून सुरू झालाय.

तरी लावायच्याच असतील तर हँगर किंचित सैल घ्या, आकड्यांवर प्लास्टिकची बारीक नळी चढवा. मागे चिकटवायच्या गोल चकत्याही मिळतात, पाण्यात भिजवल्या की निघतात. पण बाराचा संच फोडून भिंत करू नका. सुट्या, एकेकट्या उरलेल्या ताटल्या एक-दोन युरोला मिळतात, त्यांची करा. माझ्या नक्षीची बदली ताटली मी अजून शोधतेय. आकार जुळतो तर गुलाब वेगळे, गुलाब जुळतात तर काठ वेगळा.

एक वस्तू मात्र दिसली की घ्याच. दोन चोचींचं सॉसचं भांडं, एका बाजूला ‘जी’, दुसरीकडे ‘एम’. एका चोचीतून वरची चरबी ओतली जाते, दुसरीतून तळाचा रस. आमच्याकडे त्यात मिसळीचा कट असतो. ज्याला तर्री हवी त्याने ‘जी’कडून घ्यावं.

हां, एक राहिलंच. झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं. लिंबू, चिंच, कोकम असं आंबट रंगीत भागावर ठेवू नका आणि झिजलेली ताटली जेवायला घेऊ नका. माझी नक्षी काठालाच आहे आणि आमटी वाटीत असते, म्हणून मी बिनधास्त. सोनं असेल तर मायक्रोवेव्ह नाही, डिशवॉशर नाही, काथ्याने घासणं तर मुळीच नाही.

आणि ताई, तू इथे वाचतेस हे माहीत आहे. उरलेल्या पाच उतरवून ठेव. डिसेंबरात येतेय, केबिन बॅगेत पाच आरामात बसतात.