चोरीला गेलेलं पिस्तूल पोलिसांना सापडलं आणि आता डिटेक्टिव्हचा फोन येतोय

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका वाचकांचा मेल आलाय. ग्रीनकार्डवर आहेत. २०२१ मध्ये रीतसर दुकानातून पिस्तूल घेतलं, दहा दिवस थांबून, सगळे कागद भरून. दोन वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत कोणीतरी गाडीची काच फोडली, लॅपटॉपची बॅग गेली आणि ग्लव्ह बॉक्समधलं पिस्तूलही गेलं. इन्शुरन्ससाठी ऑनलाइन पोलीस रिपोर्ट केला पण त्यात फक्त काच आणि लॅपटॉप, पिस्तुलाचं घाबरून लिहिलंच नाही, बायकोलाही सांगितलं नाही. आता ओकलंडहून एका डिटेक्टिव्हचा व्हॉइसमेल आलाय की तुमच्या नावावरचं पिस्तूल एका मुलाकडे सापडलंय, कॉल करा. मित्राचा सल्ला असा की "सांग, गेल्याच आठवड्यात लक्षात आलं."

अहो, मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. का ते सांगतो.

आधी तुमच्यापर्यंत ते पोचले कसे ते बघा. कॅलिफोर्नियात कायदाच आहे की गुन्ह्यात वापरलेलं किंवा बेकायदा कोणाकडे सापडलेलं हत्यार असेल तर त्याचा माग काढायला लागणारी सगळी माहिती पोलिसांनी सात दिवसांत राज्याच्या न्याय विभागाला कळवायची. म्हणजे डिटेक्टिव्हला तुमच्यावर संशय आला म्हणून त्याने शोध घेतला असं नाही, तो त्याला घ्यावाच लागतो. राज्याच्या रेकॉर्डमध्ये पिस्तूल विक्रीची नोंद असतेच, सिरियल नंबर टाकला की तुमचं नाव. शिवाय केंद्राकडूनही ट्रेस होतो, तो वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफचं, म्हणजे हत्यारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचं, सेंटर आहे तिथून, आणि ती पद्धत फार जुन्या वळणाची आहे कारण सगळ्या मालकांची देशभरची रजिस्ट्री करायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. मग ते पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीला विचारतात, कंपनी होलसेलरचं नाव देते, होलसेलर दुकानाचं, दुकानदाराने २४ तासांत उत्तर द्यायचं आणि तो कपाटातून तुमची सही असलेला फॉर्म ४४७३, म्हणजे खरेदीच्या वेळी भरलेला केंद्राचा फॉर्म, काढतो. तिथे ट्रेस संपतो. पहिला गिऱ्हाईक कोण एवढंच त्यातून कळतं, पुढे ते कोणाच्या हातात गेलं ते काही कळत नाही, आणि म्हणूनच तुम्हाला फोन. नाव निघालं म्हणजे तुम्ही आरोपी झालात असं अजिबात नाही.

त्यांना खरं जाणून घ्यायचंय ते हे, की तुम्ही हे पिस्तूल दुसऱ्या कोणासाठी आपल्या नावावर घेतलं होतं का, किंवा गुपचूप विकलंत का. ते गंभीर आहे. चोरी झाली असेल तर तुम्ही त्या बाबतीत बळी आहात.

आता तुमची चूक किती मोठी ते बघू. २०१६ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ६३ पास केलं, त्यानुसार हत्यार चोरीला गेल्याचं कळल्यापासून पाच दिवसांत कळवायचं. नाही कळवलं तर पहिल्यांदा जास्तीत जास्त १०० डॉलर दंड, बस. त्यातही अशा छोट्या गुन्ह्याची केस साधारण वर्षभरात दाखल व्हावी लागते, न कळवणं हा रोज चालू राहणारा गुन्हा आहे का यावर सरकारी वकील वाद घालतील, पण मुदत टळून गेल्याचा मुद्दा तुमच्या वकिलाने काढायलाच हवा. ग्लव्ह बॉक्सचं मात्र वेगळं कलम आहे, गाडीत कोणी नसताना पिस्तूल डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत नजरेआड ठेवायचं, आणि ग्लव्ह बॉक्सला कुलूप असलं तरी कायदा त्याला पेटी मानत नाही (हे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं). दंड १००० डॉलरपर्यंत. म्हणून फोनवर गप्पांच्या ओघात "ग्लव्ह बॉक्समध्ये होतं हो" असं स्वतःहून सांगत बसू नका.

आणि मित्राची आयडिया इथे साफ आपटते. काच फुटल्याची तारीख तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे, इन्शुरन्सच्या फाइलमध्येही आहे. तो रिपोर्ट खरं तर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, गाडी खरंच फुटली होती हे तो दाखवतो. "गेल्या आठवड्यात कळलं" म्हणालात की तोच कागद तुमच्यावर उलटतो आणि मग चोरीची गोष्टही खोटी वाटायला लागते. त्यात एटीएफचा माणूस सामील असेल तर फेडरल अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटं सांगणं हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. १०० डॉलरच्या दंडापायी एवढं ओढवून घ्यायचं?

तेव्हा कॉल करू नका, तुमच्या वतीने क्रिमिनल वकिलाला करू द्या. फोनवरचं बोलणं म्हणजे अटक नव्हे, त्यामुळे सिनेमात दाखवतात ते "गप्प राहण्याचा हक्क आहे" वगैरे डिटेक्टिव्ह तुम्हाला ऐकवणार नाही आणि तुम्ही बोललेलं सगळं वापरता येतं. अचानक पुन्हा फोन आलाच तर एवढंच, "मी वकिलामार्फत बोलेन," आणि ठेवून द्या. मित्राबरोबरचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, त्याने पुरावा नष्ट केल्याचं नवंच लफडं होतं, आणि त्याच्याशी या विषयावर आता चॅटही नको कारण मित्राशी केलेलं बोलणं गोपनीय नसतं, वकिलाशी केलेलं असतं. बायकोला आजच सांगा, डिटेक्टिव्ह दारात आला तर तिला पहिल्यांदा त्याच्याकडून कळायला नको.

ग्रीनकार्डमुळे एक गोष्ट जास्त सांभाळायची. हत्यारासंबंधी ठराविक गुन्ह्यात दोषी ठरलं तर डिपोर्टेशनचं कारण होऊ शकतं, म्हणून दंड छोटा दिसला तरी "भरून टाकू आणि मोकळं होऊ" करू नका, भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाची नजर त्यावरून जाऊ द्या. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिला निकालानंतर क्रिमिनल वकिलाने दोषी मान्य करायच्या आधी हा धोका सांगणं बंधनकारक आहे, तुमच्याने नाही सांगितला तर तुम्हीच विचारा.

राहिलेली चोरीची तक्रार वकिलामार्फत आता तरी नोंदवा, आणि ती फ्रीमाँटला नाही, चोरी जिथे झाली त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांकडे. पिस्तूल परत हवं असेल तर ते सध्या त्या मुलाच्या केसमध्ये पुरावा आहे, केस संपल्यावर न्याय विभागाकडे परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तेव्हा तुमची पुन्हा पात्रता तपासतात.